‘यथा’ आणि ‘यथार्थ’ यांच्यामधली जागा

पर्स्पेक्टिव्ह या शब्दाला मराठीत दोन प्रतिशब्द वापरले जातात. एक यथादर्शन आणि दुसरा यथार्थदर्शन. लिहिताना दोन्ही सारखेच वाटतात, बरेच जण एकाच्या जागी दुसरा सहज वापरतात. पण दोघांमध्ये एका ‘अर्था’चा फरक आहे, आणि तो छोटा नाही. यथादर्शन म्हणजे जसं दिसतं तसं. यथार्थदर्शन म्हणजे जसं खरोखर आहे तसं. पहिला शब्द डोळ्याबद्दल बोलतो, दुसरा जगाबद्दल.

चित्रकलेतल्या पर्स्पेक्टिव्हबद्दल आपण जे काही बोलतो त्यातला निम्मा गोंधळ या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे, असं माझं मत आहे. तिथूनच ‘आपल्याकडच्या जुन्या चित्रकारांना पर्स्पेक्टिव्ह येत नव्हतं’ हे वाक्य येतं. त्याचं उलटं टोक, म्हणजे ‘पर्स्पेक्टिव्ह ही गोऱ्यांनी आपल्या डोळ्यांवर चढवलेली झापडं आहेत’, हेही तिथूनच येतं. आणि भांडण टाळायला आपण सगळेच जे म्हणतो, ‘प्रत्येकाचा आपापला पर्स्पेक्टिव्ह असतो’, त्याचाही उगम तिथलाच. मला ही तिन्ही वाक्यं अपुरी वाटतात. का, ते सांगण्यासाठी आधी नियमाकडे जावं लागेल, कारण नियम न समजता त्याची बाजू घेणं किंवा त्याला शिव्या देणं दोन्ही फुकट आहे.

चौपाटीवरची डोकी

समुद्रकिनाऱ्यावर उभे राहा. दादर, जुहू, गणपतीपुळे, कुठेही चालेल. जमीन सपाट हवी आणि माणसं हवीत. क्षितिजाची रेषा नीट पाहा. तुमच्याएवढ्या उंचीची जी माणसं तुमच्यासमोर पसरलेली आहेत, त्या सगळ्यांचे डोळे त्या रेषेवर असतील. पाच फुटांवरचा माणूस असो की दोनशे फुटांवरचा. जवळच्याचे पाय खूप खाली, लांबच्याचे पाय वर सरकलेले, पण डोकी एका दोरीवर वाळत घातल्यासारखी एका ओळीत. आता वाळूत बसा. क्षितिजही तुमच्याबरोबर बसतं. ती रेषा आता त्याच माणसांच्या कमरेच्या आसपास आली. माणसं जिथल्या तिथे आहेत, समुद्रही. हललात तुम्ही.

पर्स्पेक्टिव्हमधली पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एवढीच आहे. क्षितिज समुद्राचं नसतं, बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीचं असतं. बाकी सगळे नियम त्यातून निघतात. जमिनीला समांतर आणि एकमेकींना समांतर अशा रेषा दूर जाताना त्या क्षितिजावरच्या एका बिंदूत मिळतात. तो व्हॅनिशिंग पॉइंट. रेल्वेचे रूळ हे त्याचं वापरून गुळगुळीत झालेलं उदाहरण. मला त्याहून पाण्याचा पेला आवडतो. टेबलावरच्या पेल्याचं तोंड आणि तळ दोन्ही गोल. पण तोंड तुमच्या डोळ्यांच्या पातळीच्या जवळ असल्यामुळे जास्त चपटं दिसतं, आणि तळ खाली असल्यामुळे जास्त गोल. एलिमेंटरीच्या वस्तुचित्रात बादली काढताना मुलं तोंड मोकळं गोल काढतात आणि तळाला सरळ रेघ मारतात, कारण बादली जमिनीवर सपाट बसते हे त्यांना माहीत असतं. हाताने माहितीचं ऐकलं, डोळ्याचं ऐकलं नाही.

गंमत अशी की तीच मुलं दुसरीकडे नकळत पर्स्पेक्टिव्ह काढत असतात. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवणारा सूर्य, आणि डोंगरांच्या फटीतून निघून आपल्याकडे येताना रुंद होत जाणारी नदी. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी हे चित्र कधी ना कधी काढलेलं असतं. ती रुंद होणारी नदी म्हणजे एका व्हॅनिशिंग पॉइंटचं शुद्ध यथादर्शन आहे. कुणी समजावून सांगितलेलं नसतं; एका वहीतून दुसऱ्या वहीत ती वाहत आलेली असते. म्हणजे फ्लॉरेन्समध्ये सहाशे वर्षांपूर्वी लागलेला शोध आपल्याकडे लोककलेसारखा फिरतो आहे, आणि त्याच नदीकाठची झोपडी मात्र समोरून आणि बाजूने एकाच वेळी दिसते. हा संकर मला चुकीचा वाटत नाही. उलट, आपण नेमके कुठे आहोत ते त्या चित्रात दिसतं.

एक डोळा, एक भोक

आता फ्लॉरेन्स. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत कधीतरी फिलिप्पो ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने तिथल्या बाप्तिस्मागृहाचं एक छोटं चित्र एका फळीवर काढलं. फळीला एक भोक पाडलं. बघणाऱ्याने कॅथीड्रलच्या दारात उभं राहून चित्राच्या पाठीमागून त्या भोकाला डोळा लावायचा आणि दुसऱ्या हातात समोर आरसा धरायचा. आरशात चित्र दिसायचं. आरसा बाजूला केला की खरी इमारत. दोन्ही तंतोतंत जुळायचं. ती फळी आज नाही. आपल्याला हे कळतं ते त्याच्या चरित्रकारामुळे.

या प्रयोगातल्या दोन गोष्टी पर्स्पेक्टिव्हच्या कौतुकात मागे राहतात. एक, ते भोक. चित्र खरं ठरण्यासाठी बघणाऱ्याला एक डोळा मिटावा लागला आणि दुसरा एका जागी खिळवावा लागला. इंचभर सरकलं की जादू संपली. दोन, आकाश. आकाशाच्या जागी ब्रुनेलेस्कीने काही रंगवलंच नाही, घासून चकचकीत केलेली चांदी लावली, म्हणजे खरे ढग तिच्यात दिसावेत आणि वाऱ्याबरोबर सरकावेत. इमारतीला कडा असतात, रेषा असतात. त्या मापता येतात. ढगाला नसतात. शोध लावणाऱ्यालाच आपल्या शोधाची हद्द माहीत होती, आणि त्याने ती लपवली नाही, चमकवली.

१४३५ मध्ये लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीने हे तंत्र पुस्तकात मांडलं आणि चित्राला उघड्या खिडकीची उपमा दिली. ती उपमा पुढे इतकी चालली की चित्र म्हणजे खिडकीच, असं वाटू लागलं. पण त्याआधीच, १४२७ च्या सुमाराला, मासाच्चोने फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या भिंतीवर ‘ट्रिनिटी’ रंगवलं होतं, आणि ते चित्र मला आल्बेर्तीच्या पुस्तकापेक्षा जास्त सांगतं. सपाट भिंतीत एक खोल कमानदार दालन उघडतं. छताचे चौकोन मागे जाताना बरोबर मापात लहान होत जातात. सगळ्या रेषा क्रूसाच्या पायथ्याशी, जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर मिळतात. भक्ताला वाटतं, हे दालन आपल्या चर्चचाच भाग आहे.

आणि मग क्रूसामागे उभा असलेला देवपिता पाहा. खालून बघणाऱ्याला तो वर असल्यामुळे आखडलेला दिसायला हवा. हनुवटी पुढे, कपाळ मागे. तो तसा नाही. तो अगदी समोरून, पूर्ण दिसतो. तो दालनात नेमका किती आत उभा आहे हेही धड ठरवता येत नाही. छताला जो नियम कठोरपणे लावला, तो देवाला लावलेला नाही. अभ्यासकांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे, आणि मासाच्चोची ही चूक मानायला मी तयार नाही. ज्याने छताचा एकेक चौकोन मोजला, त्याला एक आकृती मोजता आली नसती? मला वाटतं, त्याला ठाऊक होतं की पर्स्पेक्टिव्हमध्ये आलेली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी जागेवरून दिसते, आणि देवाला कुणाच्या जागेवरून दिसण्याची सक्ती करता येत नाही.

लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’मध्ये प्रश्न आणखी वेगळा होतो. तिथे सगळ्या रेषा ख्रिस्ताच्या डोक्याशी मिळतात; त्या जागी खिळ्याचं भोकही सापडलं आहे, दोरी ताणून रेषा आखण्यासाठी मारलेल्या खिळ्याचं. पण चित्र भोजनगृहाच्या भिंतीवर उंच आहे. तो बिंदू जमिनीवर उभ्या माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर येतो. म्हणजे जिथून ते चित्र ‘बरोबर’ दिसेल तिथे कुणीही उभं राहू शकत नाही. तरीही पाचशे वर्षं माणसं त्यापुढे उभी राहून हलून जातात. नियम मोडल्यावरही चित्र चालतं, तर मग ते केवळ नियमामुळे चालत नव्हतं.

कॅरमबोर्ड आणि तारपा

स्मरणचित्रात ‘कॅरम खेळणारी मुलं’ हा विषय दिला की एक चित्र हमखास येतं. कॅरमबोर्ड वरून पाहिल्यासारखा पूर्ण चौकोनी, चारही खिसे दिसताहेत, मधला गोल नीट गोल. आणि चार बाजूंना चार मुलं, आडवी पडल्यासारखी, डोकी चार दिशांना. शिक्षक म्हणतात चूक. पर्स्पेक्टिव्हच्या हिशोबाने चूक आहेच. पण त्या मुलाने काय वाचवलं ते बघू. खिसे चार असतात, हे वाचवलं. बोर्ड चौकोनी असतो आणि चारही खेळाडूंना सारखाच लागतो, हे वाचवलं. ‘बरोबर’ चित्रात समोरच्या मुलाची पाठ बोर्डाचा निम्मा भाग खाऊन टाकेल, एक-दोन खिसे नाहीसे होतील, आणि खेळ कोण जिंकतंय ते कळणार नाही.

आता वारली चित्रातला तारपा नाच आठवा. जिव्या सोमा मशे यांनी तो अनेकदा काढला. मध्ये तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी गोल गोल फिरत बाहेर पडते. साखळीचा आकार वरून पाहिलेला आहे. पण साखळीतला प्रत्येक नाचणारा बाजूने पाहिलेला आहे: दोन त्रिकोण, वाकलेले गुडघे, एकमेकांच्या मागे गेलेले हात. म्हणजे रिंगण आकाशातून, माणूस जमिनीवरून. कॅरमबोर्डच्या चित्रातही हेच आहे.

इथे एक घसरण आहे, ती टाळायला हवी. ‘आदिवासी कला लहान मुलांसारखी निरागस असते’ असं म्हणून पाठ थोपटणारे खूप आहेत. मला ते म्हणायचं नाही. मूल त्या उत्तराशी एकदा पोचतं आणि लवकरच ते सोडून देतं. मशे यांनी तेच उत्तर आयुष्यभर घासलं, त्यात वेग आणला, साखळीचा ताण आणला, शेकडो आकृत्यांत एकही हात दुसऱ्यात गुंतू दिला नाही. प्रश्न दोघांपुढे सारखा होता: नाच म्हणजे रिंगणाचा आकार की नाचणाऱ्याचं वाकलेलं अंग? एका जागी उभं राहून पाहिलं तर दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. पुढचे मागच्यांना झाकतात. ज्याला दोन्ही हवं, त्याला एक जागा सोडावीच लागते. वारली चित्राला क्षितिजरेषा नाही, कारण त्यात नाच बघणारा परका माणूस नाही. सगळे नाचताहेत.

अजिंठ्यात हेच अधिक गुंतागुंतीने घडतं. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची कथा भिंतभर पसरली आहे. तोच राजपुत्र मंडपात दिसतो, पुढे नगराबाहेर जाताना पुन्हा दिसतो. बारीक खांबांचे मंडप एखाद्या उघड्या पेटीसारखे आहेत. त्यांचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या कोनांतून दिसतात. ज्याने एकाच डोळ्याने, एकाच जागेवरून पाहायचं ठरवलं आहे त्याला हे विस्कळीत वाटेल. पण त्या अंधाऱ्या लेण्यात कोण एका जागी उभं राहणार होतं? दिवा घेऊन भिंतीकडेने चालायचं, उजेड पडेल तेवढं बघायचं. चालणाऱ्या माणसासाठी काढलेल्या चित्राला थांबलेल्या माणसाचा नियम लावून नापास करणं, हे क्रिकेटच्या पंचाने कबड्डीत वाइड देण्यासारखं आहे.

आणि दृष्टीने वस्तू आखडते हे इथल्या चित्रकाराला माहीत नव्हतं, असं तर मुळीच नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातलं चित्रसूत्र शरीराच्या नऊ स्थिती सांगतं आणि अंग वळल्यावर कुठला भाग घटतो, कुठला वाढतो याला क्षयवृद्धी असं नावच देतं. वळलेला खांदा, तिरका चेहरा, पुढे आलेला गुडघा हे सगळं अजिंठ्यात आहे. माणसाच्या अंगाला क्षयवृद्धी लावली, अख्ख्या जगाला लावली नाही.

मुघल दरबारातलं उदाहरण याहून स्पष्ट आहे. १५८० मध्ये जेझुइट पाद्री अकबराकडे आले ते अँटवर्पला छापलेलं सचित्र बायबल घेऊन. बसावनसारख्या चित्रकारांनी युरोपीय छापचित्रं अभ्यासली, खोलीचा आभास कसा आणायचा ते उचललं. पण सगळं चित्र त्याच्या हवाली केलं नाही. पुढच्या काळातल्या कित्येक मुघल चित्रांत लांबवरचं गाव युरोपीय पद्धतीने लहान आणि धूसर होत जातं, आणि त्याच चित्रातलं सिंहासन किंवा गालिचा समांतर कडांनी, न आखडता, पूर्ण मांडलेला असतो. माहीत नसलेला माणूस असं करू शकत नाही. निवड करणाराच करू शकतो.

तुमच्या फोनवर ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ असेल तर त्यातलं गाव उघडा. तिरकं, वरून दिसणारं. मागच्या टोकाचं घर पुढच्या घराहून लहान नाही. तटबंदीच्या रेषा कुठेही मिळत नाहीत. कारण उघड आहे: तुम्हाला तिथे भिंत बांधायची आहे, तोफ ठेवायची आहे, जागा मोजायची आहे. मोजणाऱ्याला समांतर रेषा लागतात. लघुचित्रांतला राजवाडा अंगण, जनाना, बाग, तट सगळं एकदम दाखवतो, तेव्हा त्यामागेही अशीच गरज असते. त्यामुळे ‘येत नव्हतं’ हे वाक्य बाद करू या.

शनिवारवाड्यातला दरबार

पण दुसरं वाक्यही तपासायला हवं, झापडांचं. त्यासाठी पुण्यात यावं लागेल.

१७९० मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध ईस्ट इंडिया कंपनी, पेशवे आणि निजाम यांचा तह झाला. कंपनीचा पुण्यातला वकील होता चार्ल्स मॅलेट. या दरबाराचं एक मोठं तैलचित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे: शनिवारवाड्यातला खांबांचा आणि कमानींचा दिवाणखाना, खाली बैठकीवर पसरलेला दरबार, तरुण सवाई माधवराव, मॅलेट. चित्र पाहणाऱ्याला वाटतं, चित्रकार दाराशी उभा राहून हे सगळं टिपत होता.

चित्रकार थॉमस डॅनिएल. तो त्या दरबारात नव्हता. दरबाराची रेखाटनं जमवणारा जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकारसुद्धा पुण्याला आला १७९२ मध्ये, म्हणजे तहानंतर. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून डॅनिएलने लंडनमध्ये हे चित्र पुरं केलं, १८०५ साली. पंधरा वर्षांनंतर, हजारो मैलांवर, न पाहिलेल्या घटनेचं चित्र. आणि पर्स्पेक्टिव्हमुळेच ते साक्षीसारखं दिसतं. इथे मला ‘यथार्थदर्शन’ हा शब्द सगळ्यात जास्त खटकतो. खांबांच्या रेषा नीट मिळाल्या म्हणून इतिहास नीट सांगितला गेला, असं होत नाही. पर्स्पेक्टिव्ह एवढंच सांगतं की कुणी इथे उभं असतं तर असं दिसलं असतं. कुणी खरंच उभं होतं का, आणि त्याने कुणाला मध्यभागी ठेवलं, हे ते सांगत नाही. जागा निवडली की अर्धं मत देऊन झालेलं असतं.

तरीही हे चित्र फेकून देता येत नाही. १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती जळाल्या. आज आपण चौथरे आणि दगडी जोती पाहून परत येतो. ते खांब, त्या कमानी कशा असतील याची कल्पना करायला ज्या थोड्या गोष्टी उरल्या त्यात हे चित्र आहे. झापडं म्हणून काढून टाकलं तर डोळ्यांपुढे अंधारच येईल.

शिवाय झापडं कुणी चढवली या कथेत गंगाराम तांबट बसत नाही. पुण्याचा हा कारागीर मॅलेटसाठी चित्रं काढत होता. १७९० मध्ये त्याने पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा काढला, पुढे वेरूळ-कार्ल्याची लेणी काढली. वेल्सबरोबर तो शिकला, काम केलं. त्याची चित्रं आज येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत. लेण्याच्या आत उभं राहून त्याच्या खोलीचा हिशोब कागदावर उतरवणं हे काम त्याला नुसतं लादलेलं वाटलं असेल, हे मला पटत नाही. नवीन हत्यार हाती आलेल्या कारागिराला जे होतं तेच त्यालाही झालं असणार: याने काय काय करता येईल? आपण त्याला बिचारा केलं, तर त्याचं कौशल्य आपणच हिरावून घेतो.

याच गोष्टीचा पुढचा अंक मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिला आणि भित्तिचित्रांच्या नकला करून घेत राहिला. पेस्तनजी बोमनजी त्यांत होते. पाश्चात्त्य पद्धतीने तयार झालेले ते हात दिवसेंदिवस अशा चित्रांपुढे बसत होते, ज्यांत एक जागा नाही, एक क्षितिज नाही. त्यांनी केलेल्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ मध्ये लंडनला लागलेल्या आगीत गेल्या. पण दोन पद्धती एकाच हातात आल्या होत्या, त्या जळून गेल्या नाहीत. आपण आज जे आहोत, नदीला व्हॅनिशिंग पॉइंट आणि झोपडीला दोन बाजू देणारे, ते त्या हातांचे वारस आहोत.

हातातली खिडकी

हा सगळा इतिहास तुमच्या खिशात आहे. फोनचा कॅमेरा म्हणजे ब्रुनेलेस्कीचं भोक: एक डोळा, एक जागा. फरक एवढाच की त्याला माहीत होतं तो भोकातून बघतोय. आपण विसरलो आहोत.

साधा हिशोब करू. नाकाचं टोक आणि कान यांत साधारण बारा सेंटिमीटरचं अंतर धरा. फोन नाकापासून तीस सेंटिमीटरवर असेल तर कान बेचाळीसवर. बेचाळीस भागिले तीस, म्हणजे एक पूर्णांक चार. नाक कानांच्या तुलनेत चाळीस टक्के मोठं उमटतं. आता मित्राला दीड मीटरवरून फोटो काढायला सांगा. एकशे बासष्ट भागिले दीडशे; फरक जेमतेम आठ टक्के. लेन्स वाईट नव्हती, नाकही वाईट नव्हतं. फोटो जवळून काढला होता. सेल्फी पाहून आपल्या नाकाबद्दल वाईट वाटून घेणारी कितीतरी मुलं-मुली आहेत. त्यांना कुणीतरी हा भागाकार शिकवायला हवा. तो फोटो खोटा नाही. तीस सेंटिमीटरवरून तुम्ही तसेच दिसता. फक्त तेवढ्या जवळून तुमच्याकडे सहसा कुणी बघत नाही.

हाच भागाकार बातम्यांतही चालतो. रांगेत माणसं दोन-दोन मीटरवर उभी आहेत. पाच मीटरवरून पाहिलं तर पहिला पाच मीटरवर, दुसरा सातवर. आकारात मोठा फरक, मधलं अंतर स्पष्ट. पन्नास मीटरवर जाऊन झूम करा. पहिला पन्नासवर, दुसरा बावन्नवर. दोघं जवळजवळ एकाच आकाराचे, एकमेकांना चिकटलेले. लॉकडाउनमध्ये बाजारातल्या गर्दीच्या फोटोंवरून झालेली भांडणं आठवा. सभेच्या गर्दीचे फोटो आठवा: एका बाजूचा फोटो लांबून झूम करून, मैदान फुल्ल, दुसऱ्या बाजूचा वरून ड्रोनने, मैदान रिकामं. दोन्ही फोटोंत एक पिक्सेलही बदललेला नसेल. दोन्ही यथादर्शन आहेत. एकही यथार्थदर्शन नाही.

जागा सांगा

मग तिसऱ्या वाक्याचं काय? प्रत्येकाचा आपापला पर्स्पेक्टिव्ह असतो, तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी. चित्रकलेतला पर्स्पेक्टिव्ह याच्या नेमका उलट आहे, आणि म्हणूनच तो शिकण्यासारखा आहे. तिथे पर्स्पेक्टिव्ह म्हणजे मत नव्हे. तुम्ही कुठे उभे आहात ते सांगितलंत की तुम्हाला काय दिसेल हे दुसरा कुणीही मोजून काढू शकतो. तो तुमच्या जागी येऊन तपासूही शकतो. आणि चित्र समोर ठेवलं तर उलट्या बाजूने रेषा लांबवून चित्रकार कुठे, किती उंचीवर उभा होता हेही शोधता येतं. पर्स्पेक्टिव्ह जागा उघड करतो. आपण रोजच्या बोलण्यात तो शब्द जागा लपवण्यासाठी वापरतो.

आल्ब्रेख्त ड्यूररच्या ग्रंथाच्या १५३८ च्या, त्याच्या मृत्यूनंतरच्या आवृत्तीत एक लाकडी ठशाचं चित्र आहे. एक चित्रकार टेबलाशी बसला आहे. डोळा हलू नये म्हणून समोर एक टोकदार खुंटी. मध्ये जाळीची चौकट. पलीकडे एक आडवी पडलेली स्त्री. त्याच्याकडे जाळी आहे, नियम आहे, कागद आहे. तिला तो कसा दिसतो हे आपल्याला कधीच कळणार नाही. पर्स्पेक्टिव्हवरची सगळ्यात कडक टीका या चित्रातच आहे, आणि ती पर्स्पेक्टिव्हमध्येच काढलेली आहे. कारण ड्यूररने चित्रात खुंटीही काढली. बघणारा कुठे खिळलेला आहे ते दाखवलं.

मला वाटतं, चित्र शिकणाऱ्या मुलाला दोन्ही द्यायला हवं. बादलीचं तोंड कसं चपटं होतं ते नक्की शिकवा. डोळ्यावर विश्वास ठेवायला शिकवणं ही मोठी गोष्ट आहे. पण कॅरमबोर्डच्या चित्रावर लाल रेघ मारण्याआधी विचारा, तू हे कुठून पाहिलंस? ते मूल म्हणेल, सगळीकडून. ते उत्तर चुकीचं नाही. ते दुसऱ्या प्रकारचं चित्र आहे, त्याला स्वतःचे नियम आहेत, आणि तारप्याभोवती फिरणारी साखळी त्याच नियमांनी उभी आहे.

आणि शब्दांचं म्हणाल तर मी यथादर्शन वापरेन. जसं दिसतं तसं. त्यात ‘कुठून?’ हा प्रश्न विचारायला जागा राहते. यथार्थदर्शनात ती बुजते.